६२ पानांचा पोर्टफोलिओ: मुलाखतीसाठी काय ठेवावे, काय काढावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.आर्क. ही वास्तुकलेची पदवी पूर्ण होऊन दीड वर्ष झाले, तो काळ कोथरूडमधल्या एका लहान कार्यालयात गेला, आता पुण्यातल्या मोठ्या कार्यालयांत मुलाखती द्यायच्या आहेत आणि हाताशी ६२ पानांचा पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचा संच, तयार आहे. त्यातले काय ठेवावे, कार्यालयात केलेली ड्रॉइंग दाखवावीत का, आणि छापील प्रत न्यावी की लॅपटॉपवर भागते, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. एरंडवण्यात माझे स्वतःचे कार्यालय आहे आणि गेली बावीस वर्षे तिथे येणाऱ्या नव्या मुलामुलींच्या मुलाखती मी स्वतः घेत आले आहे, त्यामुळे पोर्टफोलिओ पाहताना माझे डोळे कुठे थांबतात आणि कुठून पुढे सरकतात, ते सांगितले तर तुमच्या अधिक उपयोगाचे होईल असे वाटते.

पोर्टफोलिओ दोनदा पाहिला जातो आणि दोन्ही वेळा पाहण्याची रीत वेगळी असते. पहिल्यांदा तो ईमेलमध्ये येतो आणि मी तो बहुतेक वेळा साइटवरून परतताना गाडीत, फोनवर उघडते. त्या वेळी मी वाचत नाही, चाळते. पाचसहा पानांत काही हाती लागले तर बोलावणे जाते. दुसऱ्यांदा तो मुलाखतीत, तुमच्यासमोर, एकेक पान उलटत पाहिला जातो आणि तेव्हा प्रत्येक रेषेबद्दल प्रश्न विचारला जाऊ शकतो. म्हणून ६२ पानांची एकच फाइल दोन्ही कामांना पुरणार नाही. ईमेलसाठी आठ ते दहा पानांची, फोनवर न मोठी करता कळेल अशी आणि १० एमबीच्या आत बसणारी फाइल वेगळी करावी, तर मुलाखतीसाठी पंचवीस ते तीस पानांचा पूर्ण संच वेगळा ठेवावा. जीमेलची जोडणीची मर्यादा २५ एमबी असली तरी मर्यादेपर्यंत भरलेली फाइल फोनवर रेंगाळते, आणि ड्राइव्हची लिंक पाठवली तर निम्म्या वेळा ती उघडण्याची परवानगीच दिलेली नसते.

या दोन्ही संचांतून कार्यालयाला एकच गोष्ट ताडून पाहायची असते: ही व्यक्ती रुजू झाली तर पहिल्या आठवड्यात तिच्या हाती कोणते काम निर्धास्तपणे देता येईल, आणि ते काम अडले तर ती त्यातून कशी वाट काढेल. महाविद्यालयातल्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांना, संकल्पना हवी असते, कार्यालयाला हात आणि डोके दोन्ही हवे असतात. तुमची ६२ पाने, तुम्ही लिहिलेल्या क्रमावरून पाहता, पहिल्या सत्रापासून दहाव्या सत्रापर्यंत कालक्रमाने लावलेली आहेत आणि कार्यालयातले काम शेवटच्या चार पानांत आहे. हा क्रम उलटा करावा लागेल. दीड वर्षाचा अनुभव असलेल्या उमेदवाराकडे मी सर्वांत आधी प्रत्यक्ष कामाची पाने शोधते.

दुसऱ्या सत्रातला बसथांबा, तिसऱ्या सत्रातली बालवाडी, मॉडेल मेकिंगची छायाचित्रे, बेसिक डिझाइनमधल्या रंगांच्या रचना हे सगळे निःसंकोचपणे बाहेर काढा. त्या कामांनी तुम्हाला घडवले हे खरे, पण ती पाने मुलाखतीत काही बोलत नाहीत. महाविद्यालयाचे दोन प्रकल्प आणि प्रबंध, कार्यालयाची दोन कामे आणि हाताने केलेली काही पाने एवढ्यावर माझ्या मते पूर्ण संच उभा राहतो. प्रबंधाला सहा पानांहून जास्त जागा देऊ नका. प्रबंधाच्या बाबतीत नेहमी दिसणारी चूक म्हणजे संशोधनाचा भाग दहा पाने आणि इमारतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, अर्ध्या पानावर. नकाशांवरचे रंगीत ठिपके आणि बाण पाहून इमारत उभी राहील की नाही ते कळत नाही.

केस स्टडीबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीच्या अभ्यासाबद्दल, एक गोष्ट वेगळी सांगते, कारण पुण्यातल्या मुलांच्या पोर्टफोलिओत ती हमखास असते. विद्यापीठाच्या आवारातली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली आयुका या खगोलशास्त्र संस्थेची इमारत निम्म्या पोर्टफोलिओंत येते आणि बहुतेकांत ती नेटवरून घेतलेली तीच चार छायाचित्रे आणि तोच प्लॅन असते. असे पान काढून टाका. मात्र तिथे जाऊन तुम्ही स्वतः भिंत पाहिली असेल, खाली खडबडीत काळा बेसाल्ट, त्यावर अधिक काळा कडप्पा आणि सर्वांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट अशी ती वर जाताना गडद आणि गुळगुळीत होत जाते हे तुमच्या लक्षात आले असेल, आणि त्या सांध्यांचे स्केच तुम्ही उभ्याउभ्या वहीत केले असेल, तर ते एक स्केच मला हवे आहे. पाहिलेले आणि उतरवून घेतलेले यांतला फरक पोर्टफोलिओ चाळणाऱ्याला लगेच जाणवतो.

असे पाहणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण माझ्या मनात पक्के बसले आहे. काही वर्षांपूर्वी एक मुलगी मुलाखतीला आली होती. तिच्या पोर्टफोलिओत कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्याचे मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे जागेवर मापे घेऊन काढलेले ड्रॉइंग, होते. वाड्याची मेझर्ड ड्रॉइंग पुण्यात बहुतेक सगळेच विद्यार्थी करतात. चौक, ओसरी, सोपा, माजघर अशी नावे लिहिलेला प्लॅन, कोनाड्यांचे आणि महिरपींचे डिटेल, आणि एखादे छान रंगवलेले दर्शनी चित्र. तिने मात्र एक संपूर्ण पान भिंतीच्या जाडीत बसवलेल्या अंधाऱ्या जिन्याला दिले होते. तिने सगळ्या पायऱ्या एकेक करून मोजल्या होत्या आणि प्रत्येकीची उंची सेक्शनवर लिहिली होती. बहुतेक पायऱ्या २३० ते २४५ मिमीच्या होत्या, पण सर्वांत खालची फक्त १५० मिमीची होती. त्या मापाशी तिने बारीक अक्षरांत टीप लिहिली होती: खालच्या मजल्यावर नंतर कधीतरी शहाबादी फरशी घातली गेली असावी, फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून जमीन सुमारे ९० मिमीने वर आली असावी, आणि चौकाभोवतीच्या लाकडी खांबांचे दगडी तळखडेही तेवढेच फरशीत बुडालेले दिसतात. एका पायरीच्या मापावरून तिने इमारतीचा इतिहास वाचला होता, आणि तळखड्यांवरून तो पडताळूनही पाहिला होता. त्या पानावर एकही रेंडर (संगणकावर केलेले हुबेहूब चित्र) नव्हता, रंग नव्हता, आणि मला वाटते तिला महाविद्यालयात त्या पानाला फार गुणही मिळाले नसतील. ती आमच्याकडे सहा वर्षे होती आणि जुन्या इमारतींची सगळी मोजमापे तिच्याच देखरेखीखाली झाली.

आता कार्यालयातल्या कामाकडे येऊ, कारण तुमच्या बाबतीत खरा ऐवज तिथेच आहे. दीड वर्षात तुम्ही काय काय केले याची यादी तुम्ही पाठवली आहे: एका बंगल्याची वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीची तपशीलवार ड्रॉइंग), दोन सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी क्षेत्रफळाचे तक्ते, महापालिकेच्या मंजुरीची ड्रॉइंग, आणि एका दवाखान्याचे इंटिरिअर. ही चारही कामे चार पानांत दाटीवाटीने बसवून तुम्ही त्यांना फारच कमी लेखले आहे. पुनर्विकासाचा तक्ता म्हणजे कंटाळवाणे काम असे समजून तुम्ही तो जवळजवळ गाळलाच आहे, पण पुण्यातल्या निवासी इमारती करणाऱ्या कार्यालयासाठी तेच पान कदाचित सर्वांत मोलाचे ठरेल. डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर ही राज्यासाठीची एकत्रित विकास नियमावली आल्यापासून मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत किती बांधता येते ते प्रमाण), पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय, टीडीआर (हस्तांतरित करता येणारा विकास हक्क) आणि त्यावर मिळणारा ॲन्सिलरी म्हणजे पूरक एफएसआय यांचा हिशेब न गोंधळता मांडू शकणारे नवे लोक शोधूनही सापडत नाहीत. एखाद्या काल्पनिक भूखंडावर तो हिशेब स्वच्छ मांडून दाखवा, शेजारी सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंग दाखवणारा लहान प्लॅन ठेवा, आणि इमारतीचा आकार नियमांमुळे नेमका कुठे बदलला ते एका वाक्यात लिहा.

वर्किंग ड्रॉइंगच्या बाबतीत संपूर्ण जीएफसी संच, म्हणजे बांधकामासाठी दिलेल्या अंतिम ड्रॉइंगचा संच, दाखवायची गरज नाही. एक खोली, एक भिंत किंवा एक सांधा निवडा आणि तो तळापासून शेवटपर्यंत उलगडा. माझी पसंती खिडकीच्या सेक्शनला आहे, कारण पुण्याच्या पावसात इमारत गळते ती बहुतेक वेळा तिथेच. छज्जा किती पुढे आला आहे, त्याच्या खालच्या कडेला ड्रिप मोल्ड (पाणी आत न ओघळता ठिबकून पडावे म्हणून केलेली कड) आहे का, खिडकीच्या बैठकीच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार आहे का, स्लायडिंगच्या पट्ट्यातले पाणी बाहेर जायला भोके ठेवली आहेत का, चौकट गिलाव्याच्या कोणत्या रेषेत बसते आणि आतल्या ग्रिलमुळे जाळीचा पट सरकतो की अडतो, एवढे एका पानावर १:१० किंवा १:५ च्या मापात नीट काढलेले असेल तर मला बाकी पाने पाहण्याआधीच त्या उमेदवाराबद्दल भरवसा वाटतो.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. पहिल्या नोकरीत मी एका बंगल्याच्या न्हाणीघराचे ड्रॉइंग काढले होते. टाइल्सची मांडणी मी कुठेही तुकडा न येता बसवली होती आणि तिचा मला अभिमान होता, पण जमिनीच्या उताराचा बाण मी काढलाच नव्हता, आणि टाइल्सची रेघ जमावी म्हणून नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याचे तोंड, दारापाशी सरकवला होता. ट्रॅप बसला, वॉटरप्रूफिंग झाले, कोबा झाला आणि टाइल्स लावायच्या दिवशी फरशीचे मिस्त्री मला म्हणाले, “मॅडम, पाणी कुठल्या बाजूला काढायचं?” शॉवर एका टोकाला, ट्रॅप दुसऱ्या टोकाला आणि मध्ये पाय कोरडा ठेवायची जागा, म्हणजे आंघोळीचे सगळे पाणी दारापर्यंत वाहून येणार होते. कोबा फोडला, ट्रॅप हलवला, वॉटरप्रूफिंग पुन्हा केले, आणि घरमालकांचे आठ दिवस आणि पैसे दोन्ही गेले. तेव्हापासून कोणाच्याही ड्रॉइंगमध्ये मी आधी उताराचा बाण आणि लेव्हल पाहते, टाइल्स नंतर. तुमच्या पोर्टफोलिओत जर न्हाणीघराचे डिटेल असेल आणि त्यात खोलीच्या फरशीपेक्षा ते किती मिमी खाली आहे हे लिहिलेले नसेल, तर मुलाखतीआधी ते लिहा.

याच्याच पुढचे एक पान मी प्रत्येकाला ठेवायला सांगते: वरिष्ठांनी लाल पेनाने दुरुस्त्या केलेले तुमचे एखादे ड्रॉइंग आणि त्याच्या शेजारी दुरुस्तीनंतरचे ड्रॉइंग. मुले ते लपवतात, कारण त्यांना वाटते की लाल रेघा म्हणजे कमीपणा. कार्यालयात रोज घडते ते नेमके हेच असते, आणि कोणती चूक दाखवली गेली, ती तुम्हाला कशी समजली आणि पुढच्या ड्रॉइंगमध्ये ती कशी टाळली हे सांगणाऱ्या माणसाला शिकवणे सोपे जाते. मूळ कागद फाटका असला, त्यावर चहाचा डाग असला तरी तो तसाच स्कॅन करा.

कार्यालयाची ड्रॉइंग दाखवण्याचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरे झाले, कारण बहुतेक जण विचारतच नाहीत. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क कार्यालयाचा असतो. त्यावर तुमच्या हाताच्या रेषा असल्या तरी ते ड्रॉइंग एकट्या तुमचे नसते. म्हणून सध्याच्या कार्यालयाला ईमेलने विचारा, कोणती पाने वापरणार ते नेमके कळवा आणि लेखी होकार जपून ठेवा. नेमणुकीच्या पत्रात गोपनीयतेचे कलम असेल तर ते आधी वाचा. होकार मिळाला तरी घरमालकांचे नाव, सर्व्हे नंबर, पत्ता आणि दर लिहिलेले बीओक्यू (कामांच्या परिमाणांचे तक्ते) ही माहिती झाकून टाका. कोणाच्या बंगल्याची तिजोरी कुठे आहे हे मला तुमच्या पोर्टफोलिओतून कळता कामा नये. होकार मिळाला नाही तर त्याच प्रकारचे डिटेल एखाद्या काल्पनिक जागेसाठी स्वतः नव्याने काढा आणि ‘सरावासाठी काढलेले’ असे त्याखाली लिहा. समोर बसलेला जाणकार असेल तर तो यामुळे तुमचे गुण कापणार नाही. उलट, त्याच्याकडची ड्रॉइंगही तुम्ही उद्या अशीच जपाल हे त्याला कळेल.

प्रत्येक कामाच्या पहिल्या पानावर चार ओळींची नोंद असावी: कामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ, ते कोणत्या टप्प्यावर होते, गटात किती जण होते, आणि तुम्ही स्वतः काय केले. या चौथ्या ओळीत शब्द जपून वापरा. ‘डिझाइन केले’ आणि ‘वर्किंग ड्रॉइंग काढली’ यांत फरक आहे, तसाच ‘साइटवर देखरेख केली’ आणि ‘आठवड्यातून एकदा वरिष्ठांबरोबर साइटवर गेलो’ यांतही आहे. पुण्यातले आर्किटेक्ट एकमेकांना ओळखतात. कोणत्या इमारतीचे काम कोणाच्या कार्यालयात कोणी केले हे एका फोनवर समजते. गटाने केलेल्या महाविद्यालयीन प्रकल्पालाही हाच नियम लावा. एकाच प्रकल्पाची तीच पाने तीन वेगवेगळ्या मुलांच्या पोर्टफोलिओत, तिन्ही ठिकाणी ‘माझे काम’ म्हणून, मी एकाच महिन्यात पाहिली आहेत आणि त्या तिघांपैकी एकालाही मी बोलावू शकले नाही, यातला एक तरी खरा असणार हे माहीत असूनही. ते मला आजही लागून राहिले आहे.

नावाबद्दलही इथेच सांगायला हवे. वास्तुविशारद कायदा, १९७२ च्या कलम ३७ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरमध्ये नोंदणी झालेल्या व्यक्तीखेरीज कोणाला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. पदवी मिळाली म्हणजे नोंदणी झाली असे नाही. तुमचा नोंदणी क्रमांक आलेला असेल तर तो मुखपृष्ठावर किंवा परिचयात लिहा, आला नसेल तर नावाआधीची उपाधी काढा आणि ‘बी.आर्क.’ एवढेच ठेवा.

मांडणीकडे वळते. आडवा ए-३ हा आकार मला सर्वांत सोयीचा वाटतो: टेबलावर मावतो, पडद्यावरही तसाच दिसतो. पण ज्युरीच्या ए-१ शीट जशाच्या तशा ए-३ वर बसवण्याची जी सवय आहे ती तुमच्या पोर्टफोलिओतही दिसते, आणि ती मोडायला हवी. ए-१ कागद ८४१ × ५९४ मिमीचा आणि ए-३ कागद ४२० × २९७ मिमीचा, म्हणजे प्रत्येक माप निम्मे होते. १:१०० चा प्लॅन १:२०० होतो पण त्याखाली १:१०० लिहिलेलेच राहते, २.५ मिमीचे अक्षर सव्वा मिमीचे होते, हॅचचा (भरावाच्या बारीक रेघांचा) काळा डाग होतो आणि ०.१३ मिमीची रेषा छपाईत नाहीशी होते. ड्रॉइंग मूळ फाइलमधून नव्या मापाला पुन्हा काढा, रेषांची जाडी नव्याने ठरवा, सेक्शनमध्ये कापलेला भाग ठळक आणि मागे दिसणारा भाग बारीक ठेवा, आणि आकड्यातल्या मापाबरोबर मापपट्टीही काढा, कारण फाइल पडद्यावर लहानमोठी झाली तरी मापपट्टी खोटी पडत नाही. उत्तर दिशा प्रत्येक प्लॅनवर हवीच. बाकी अक्षरांचा एक किंवा फार तर दोन प्रकार, पांढरी पार्श्वभूमी आणि मोकळा समास एवढे पुरे. मुखपृष्ठावर फार दिवस घालवू नका.

रेंडरबद्दल माझे मत काहीसे ठाम आहे आणि सगळेच त्याच्याशी सहमत होतील असे नाही. लुमियन, एन्स्केप यांसारख्या साधनांमुळे चकचकीत चित्र काढणे आता कोणालाही जमते, म्हणून चित्राच्या चकाकीवरून मी काहीच ठरवत नाही. मी पाहते की त्या चित्रातली खिडकी प्लॅनमध्ये त्याच जागी आहे का. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा ठेवली आहे का, जिन्याखाली पाण्याच्या पंपाचे काय केले आहे, पावसाळ्यात दारात उभे राहून छत्री मिटेपर्यंत माणूस भिजणार की नाही, हे चित्रातून दिसले तर ते चित्र डिझाइनचे असते. मेपलची झाडे आणि परदेशी माणसांच्या आकृत्या काढून आपल्याकडची झाडे आणि माणसे टाकली तरी पान जमिनीवर येते. एआयने तयार केलेले चित्र वापरले असेल तर त्याखाली तसे लिहा. वापरण्यात गैर काही नाही, पण न सांगता वापरलेले चित्र मुलाखतीत उघडे पडते, कारण ‘हा खांब इथे कसा आला’ या प्रश्नाला उत्तर नसते.

सॉफ्टवेअरचे ज्ञान टक्क्यांच्या पट्ट्यांनी दाखवू नका. ‘ऑटोकॅड ९० टक्के’ याचा अर्थ मला आजवर समजलेला नाही. त्याऐवजी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय केले ते लिहा: रेव्हिटमध्ये बंगल्याचा संपूर्ण मॉडेल आणि त्यातून दारे-खिडक्यांचे तक्ते काढले, असे एक वाक्य पुरते. जन्मतारीख, छायाचित्र, छंद यांना परिचयात जागा नको.

प्रत्येक कार्यालयाला तोच संच पाठवण्यापेक्षा पहिली दहा पाने बदलत जा. निवासी आणि पुनर्विकासाची कामे करणाऱ्या कार्यालयासाठी क्षेत्रफळाचा तक्ता आणि मंजुरीची ड्रॉइंग पुढे आणा; इंटिरिअरच्या कार्यालयासाठी दवाखान्यातल्या फर्निचरचे डिटेल पुढे घ्या, त्यात प्लायची जाडी, लॅमिनेटची कड आणि बिजागरीचा प्रकार लिहिलेला असू द्या; जतनाचे काम करणाऱ्यांना वाड्याची मोजमापे दाखवा. त्या कार्यालयाने केलेली एखादी इमारत पुण्यात असेल तर मुलाखतीआधी ती पाहून या. सांगण्यासाठी म्हणून नव्हे. तिथल्या कामाची पातळी डोळ्यांखालून गेली की आपले कोणते पान काढायचे ते आपोआप समजते.

छापील प्रत न्यावी का, याला माझे उत्तर होय असे आहे. लॅपटॉप सोबत असू द्या, पण कागदावर पेन्सिल टेकवून ‘हे असे का’ असे विचारता येते आणि दोन पाने शेजारी ठेवून ताडता येतात. छापण्याआधी एक पान नमुना म्हणून छापून घ्या, कारण पडद्यावरचा राखाडी रंग कागदावर कधी निळसर तर कधी काळा येतो. फार चकचकीत कागद दिव्याखाली चमकतो, म्हणून १३० ते १७० जीएसएमचा मॅट कागद घ्या, आणि बांधणी अशी करा की पान सपाट उघडे राहील. साधी स्पायरल बांधणी त्यासाठी उत्तम असते. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी छपाईला जाऊ नका, कारण सत्राअखेरीस सबमिशनच्या गर्दीत प्लॉटिंगची दुकाने भरलेली असतात आणि घाईत छापलेल्या संचात नेमके सेक्शनचे पान उलटे लागते.

मुलाखतीत पाने वाचून दाखवू नका. पहिल्या पाच मिनिटांत एकच काम निवडून त्यातली एक अडचण, तुम्ही विचारात घेतलेले दोन पर्याय आणि त्यातला एक का निवडला हे सांगा. उरलेली पाने समोरच्याला स्वतः उलटू द्या आणि तो जिथे थांबेल तिथे बोला. माहीत नसलेल्या गोष्टीला ‘हे मी अजून केलेले नाही’ असे सरळ सांगा. भाषेची काळजी फार करू नका. इंग्रजीत अडखळण्यापेक्षा मराठीत नेमके सांगितलेले पुण्यातल्या बहुतेक कार्यालयांत चालते, कारण साइटवर मिस्त्रींशी आणि सुतारांशी तुम्हाला याच भाषेत बोलायचे असते.

सोबत कोरे कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी ठेवा. पोर्टफोलिओ मिटल्यावर मी जवळजवळ प्रत्येकाला एक जिना काढायला सांगते: मजल्यापासून मजल्याची उंची २.९ मीटर, मध्ये लँडिंग, निवासी इमारत. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे निवासी जिन्याचा चढ १९० मिमीपेक्षा जास्त आणि पायरीची रुंदी २५० मिमीपेक्षा कमी असू नये. १६ चढ घेतले तर प्रत्येक चढ सुमारे १८१ मिमी येतो, दोन समान टप्प्यांत आठ-आठ चढ बसतात, आणि आठ चढांना पायऱ्यांची रुंदी सातच वेळा लागते, म्हणजे २५० च्या हिशेबाने टप्प्याची लांबी १.७५ मीटर. लँडिंगखालून जाण्याचा रस्ता असेल तर खाली डोके आपटणार नाही एवढी उंची उरते का, हे सेक्शन काढल्याशिवाय कळत नाही, आणि इथे ती उरत नाही, कारण लँडिंग १.४५ मीटरवरच येते. उत्तर चुकले तरी चालते. मी पाहत असते ते हे की, प्लॅन काढून झाल्यावर हात आपणहून सेक्शनकडे वळतो का.